धुतलेला कागद

सोमवार, १८ सप्टेंबर २०१७

नवऱ्याने आज बुडालेली गाडी विकत आणली. स्वतःच्या पैशाने, स्वतःच्या खुशीने, हसत हसत!

ह्यूस्टनच्या पुराचं पाणी ओसरून तीन आठवडे होत आले. तिकडे लोक या गाड्या विमा कंपनीच्या गळ्यात मारून मोकळे होताहेत, आणि आमचे फर्डिनांड गिड्री, वय एकसष्ट, त्याच गाड्या लिलावात घेऊन अडीच तास ओढत आमच्या गावी, लेक चार्ल्सला, आणताहेत. करडी, चार दारांची. "वेल्मा, बघ तरी, एक ओरखडा नाही!" नसणारच. पाणी ओरखडे काढत नाही. ते आत जाऊन बसतं आणि उठायचं नाव घेत नाही. त्याच्या आईसारखं.

मी ड्रायव्हरच्या सीटबेल्टचा पट्टा शेवटपर्यंत ओढला. वर स्वच्छ, खाली हातभर कॉफीच्या रंगाचा डाग. सीटखाली हात घातला. बोल्टांना गंज, बोटांना गाळ – दळलेल्या पिठासारखा बारीक.

"थोडी भिजली होती फक्त," फर्डी म्हणाला.

"पाणी सीटच्या वर होतं, फर्डी."

"तुला कसं कळलं?"

कसं कळलं! बावीस वर्षं मी सरकारी कचेरीत गाड्यांच्या कागदांच्या खिडकीमागे बसले. गेल्या वर्षी गुडघ्यांनी राजीनामा दिला म्हणून त्यांच्यामागून मीही दिला. वाटलं, सुटले कागदांतून. आता कागद नवऱ्याच्या खिशात बसून घरी यायला लागलेत.

बुधवार, २० सप्टेंबर

गाडीत पुठ्ठ्याची सहा सुगंधी झाडं टांगली आहेत. नारळ, व्हॅनिला, पाइन आणि काय काय. आता मेलेल्या माशाच्या वाढदिवसाला गेल्यासारखं वाटतं.

शनिवार, २३ सप्टेंबर

आज मलाही लिलावाला नेलं. म्हणे, "तू कागद बघ, मी गाडी बघतो." इतक्या वर्षांत पहिल्यांदा माझ्या नोकरीबद्दल आदर दाखवला, म्हणून गेले. चुकलेच.

टेक्ससमध्ये एका कुरणात हजारो गाड्या, रांगेने. सगळ्यांच्या काचांवर आतून धुकं, सगळ्यांच्या कपाळावर खडूने नंबर. ऊन असं की डोकं फिरावं. चालवून बघायची नाही, फक्त बघायची – पूर्वी मुली दाखवत तशी. आणि बघणारे पण कसले! एक दातांचा डॉक्टर पांढरे बूट घालून आलेला, त्याला स्वस्तात उघड्या टपाची गाडी हवी. आयुष्यभर दुसऱ्याची कीड शोधणारा माणूस, आणि दार उघडल्यावर पाय बुडाला तरी म्हणतो, "जरा ओल आहे." एक पाद्री चर्चसाठी व्हॅन शोधत होता. "पाण्यातून वाचलेली गाडी म्हणजे नोहाचं तारूच की हो!" म्हणाला. मी म्हटलं, "फादर, नोहाच्या तारवात पाणी बाहेर होतं." त्याने मला आशीर्वाद दिला आणि माझ्यापासून लांब जाऊन उभा राहिला.

आणि डेल प्रुइट. लिलावात बोली लावायला धंद्याचा परवाना लागतो. तो डेलकडे आहे, फर्डीकडे नाही. म्हणून फर्डी डेलच्या परवान्यावर घेतो आणि डेल त्याबद्दल आपला वाटा घेतो. डेल पन्नाशीचा, दात एकसारखे, बोलताना समोरच्याच्या दंडाला हात लावतो. मी दंड मागे घेतला.

मग निळी पिकअप आली. फर्डीचे डोळे लकाकले. मी यादी वाचली, त्याच्या घोट्यावर बूट मारला.

"घेऊ नकोस. कागद बघ."

"किती सुंदर आहे!"

"फर्डी, कागद!"

हात वर. धाडकन हातोडा. झाली आमची.

येताना गाडीत मी त्याला कागदावरची ओळ वाचून दाखवली – फक्त सुट्या भागांसाठी, पुन्हा रस्त्यावर आणता येणार नाही. कधीच नाही. तीस मैल गाडी चालवली. मग म्हणाला, "पण बाजूचे आरसे चांगले आहेत."

रविवार, २४ सप्टेंबर

चर्चहून आल्यावर गंबोचा दाट रस्सा वाढला आणि शिकवणी घेतली. इतकी वर्षं शेजारी झोपून माणसाला हे ठाऊक नाही!

"नीट ऐक. कागद तीन जातींचे. पहिला साफ. त्यावर शिक्का नाही. तुझ्या आईला वाटायचं तू तसा आहेस."

"बरं."

"दुसरा, मोडीत निघालेल्या गाडीचा. विमा कंपनीने हात टेकलेले असतात. पण ती दुरुस्त करता येते. सरकारी तपासनीस येतो, पास करतो, मग रस्त्यावर. पण 'पुरात बुडालेली, दुरुस्त केलेली' हा शिक्का जन्मभर. माझी बहीण मार्व्हल. दोन घटस्फोट झाले, तरी उत्तम चालते, फक्त गिऱ्हाईक आधी विचारतं."

"आणि तिसरा?"

"तिसरा मृत्यूचा दाखला. आरसे विका, चाकं विका. तुझी निळी."

"आणि करडी?"

"करडी मार्व्हल आहे."

तो हसला. मग म्हणाला, "शिक्क्याची गाडी निम्म्या भावात जाते, वेल्मा." मी म्हटलं, जाऊ दे. खरं सांगून निम्मे मिळालेलेच बरे. त्याने भाकरीचा तुकडा वाटीत बुडवला आणि बराच वेळ बुडवतच राहिला.

शुक्रवार, २९ सप्टेंबर

एक गोष्ट मान्य करायला हवी – हाताला गुण आहे माणसाच्या. करडीच्या सगळ्या सीट काढल्या, गालिचा फेकला, वायरी एकेक करून पुसतोय. तेलशुद्धीकरणाच्या कारखान्यात एकतीस वर्षं पंप दुरुस्त केले. गेल्या वर्षी निरोप दिला – एक केक आणि एक घड्याळ. केकवर नाव 'फ्रेडी' लिहिलं होतं. त्याने दुरुस्त करायला सांगितलं नाही. तो केक कापला, सगळ्यांना वाटला, घरी येऊन म्हणाला, "छान झाला समारंभ." त्यानंतर आठ महिने दुपारचा टीव्हीसमोर बसून राहायचा. आता निदान सकाळी उठून बूट घालतो.

म्हणून मी काही बोलत नाही. म्हणजे, कमी बोलते.

सोमवार, २ ऑक्टोबर

डेल जेवायला. माझ्या हातची बूदँ, भात भरलेली सॉसेजं, सहा खाल्ली. सातवीला हात घालताना विषय काढला.

"वेल्मा, आपण तो कागद धुऊन आणू."

"कागद धुतला तर विरघळतो, डेल."

"तसा नाही गं! गाडी इथेच राहू दे. कागद फिरवायचा. अशी राज्यं आहेत, तिथल्या कागदावर हा शिक्का उमटतच नाही. तिथून नवा कोरा कागद घ्यायचा, तो इकडे आणायचा. झाली गाडी कुमारिका!"

फर्डी ताटाकडे बघत होता.

"इकडे आल्यावर जुनी नोंद निघते," मी म्हटलं.

"निघते – बघितली तर! इथल्या खिडकीवर तुझी ती मैत्रीण आहे ना, जोसेटा? तिला म्हणावं, एक दिवस चष्मा घरी विसर."

जोसेटाने आणि मी बावीस वर्षं एका डब्यात जेवलो. तिचा चष्मा मी डेल प्रुइटसाठी विसरायला लावू? मी ताट उचललं. त्याचंही. त्यात अजून अर्धी बूदँ होती.

"अगं, माझं झालं नव्हतं!"

"झालं, डेल."

गुरुवार, ५ ऑक्टोबर

भांडण. फर्डी म्हणाला, "तू आयुष्यभर दुसऱ्यांचे शिक्के मारलेस. नवऱ्याचा एक मारायचा राहिला तर आभाळ कोसळेल?"

मी म्हणाले, "तू आयुष्यभर दुसऱ्यांचे पंप दुरुस्त केलेस. गळका पंप कधी 'नवा' म्हणून बसवलास?"

त्याने पाना आपटला. मी दार आपटलं. दाराचा आवाज मोठा आला. समाधान.

रविवार, ८ ऑक्टोबर

तीन दिवस अबोला. घर किती स्वच्छ राहतं!

शनिवार, २१ ऑक्टोबर

करडी तयार. सुरू केली तर मांजर घुरघुरावं तशी. वास नाही, डाग नाही, पट्टेही नवे. मी खरंच थक्क झाले. तोंडावर म्हटलंही. तो लाजला – एकसष्टाव्या वर्षी!

मग डॅशबोर्डच्या कप्प्यात नवा कागद दिसला. पांढरा शुभ्र. एकही शिक्का नाही. डेलने दुसऱ्या परगण्यातल्या खिडकीवरून करून आणला, जोसेटाच्या वाटेला गेलाच नाही. कागदावर आधीचं राज्य असं, की जिथे ही गाडी जन्मात गेलेली नाही. कागद गाडीपेक्षा जास्त हिंडून आला.

"फर्डी, हे काय?"

"गाडी चांगली आहे, वेल्मा. तूच म्हणालीस आत्ता. मी प्रत्येक वायर पुसली आहे. मग शिक्का कशाला? जी चूक मी दुरुस्त केली ती जन्मभर कपाळावर कशाला?"

उत्तर माझ्याकडे होतं. गंज वायरीच्या आत असतो, तो सहा महिन्यांनी बोलतो. हे मी खिडकीवर हजारदा ऐकवलं आहे. पण त्याचा चेहरा असा उजळला होता की मी म्हणाले, "हात धू, जेवण निवतंय."

शनिवार, २८ ऑक्टोबर

गिऱ्हाईक आलं. रनेल बतीस्त, तिशीची, वृद्धाश्रमात म्हाताऱ्यांची शुश्रूषा करते. सल्फर गावाहून रोज मोठा पूल ओलांडून येते. जुनी गाडी तिच्या भावाने ठोकली. गणवेशातच आली होती, बुटांना म्हाताऱ्यांच्या कुठल्याशा औषधाचा वास. हुशार मुलगी. टायर बघितले, तेल बघितलं, कागद उन्हात धरून दोनदा वाचला. शहाण्या गिऱ्हाइकाने करायचं ते सगळं केलं. कागदच खोटं बोलत होता त्याला ती काय करणार!

फर्डी आत पावती शोधायला गेला. मी तिला कॉफी दिली. तिने कप हातात घेऊन विचारलं, "मिस वेल्मा, तुम्ही होतात ना त्या कागदांच्या ऑफिसात? माझ्या आईची गाडी तुम्हीच नावावर करून दिली होती. आई म्हणायची, त्या बाई असल्या की फसत नाही. खरं सांगा, कशी आहे गाडी?"

मी म्हणाले, "रंग छान आहे."

ती हसली. घेतली.

रविवार, २९ ऑक्टोबर

रंग छान आहे!

डेलला नावं ठेवायचा हक्क आता माझ्याकडे नाही. तरी ठेवणार. पण हक्क नाही.

मंगळवार, १४ नोव्हेंबर

किराणा दुकानात रनेल भेटली. मीच तोंड लपवून कणसांच्या डब्यांमागे गेले होते. तिने शोधून काढलं.

"मिस वेल्मा! मिस्टर फर्डींनी सांगितलंच असेल तुम्हाला!"

काय सांगितलं असेल? काही नाही. मग तिनेच सांगितलं: मागच्या बुधवारी, सकाळी साडेसहाला, पुलाच्या अगदी माथ्यावर, गाडीचे सगळे दिवे एकदम पेटले आणि एकदम विझले. स्टिअरिंग दगड. मागून टँकर येत होता. तो हॉर्न वाजवत बाजूने गेला तेव्हा तिचा आरसा घेऊन गेला. आरसा! हातभर अंतरावर ती बसलेली.

"मी मिस्टर फर्डींना फोन केला. पंधरा मिनिटांत आले, पुलावरून ओढून नेली, एक पैसा घेतला नाही. नवा आरसाही बसवून दिला. असा माणूस हल्ली सापडत नाही, मिस वेल्मा."

"नाही," मी म्हणाले, "सापडत नाही."

तो आरसा निळ्या पिकअपचा असणार नाही, मापच बसणार नाही. पण दुकानात उभं राहून माझ्या डोक्यात तेवढंच येत होतं. आरसे चांगले आहेत, आरसे चांगले आहेत.

सामान तिथेच सोडून आले.

बुधवार, १५ नोव्हेंबर

विचारलं.

"मागच्या बुधवारी पुलावर होतास?"

तो पायमोजे काढत होता. एक काढला, दुसरा राहिला.

"कोणी सांगितलं?"

"तिने. तुझं कौतुक करत होती."

"मी वायरींचा अख्खा जुडगा बदलला आहे. आता होणार नाही."

"शपथ घे."

घेतली नाही. पंपवाला आहे, खोटी शपथ घेणार नाही. फक्त म्हणाला, "डेल म्हणतो, जुन्या गाड्याही बंद पडतात."

"डेल म्हणतो! तुला स्वतःचं तोंड आहे की तेही लिलावात डेलच्या परवान्यावर घेतलंस?"

नको तेवढं बोलले. शेळपट म्हणाले. केकवर चुकीचं नाव लिहिलं तरी हसत कापणारा माणूस, म्हणाले. ते म्हणायला नको होतं. तो एक पायमोजा तसाच ठेवून गॅरेजमध्ये गेला.

शुक्रवार, १७ नोव्हेंबर

सकाळी फर्डी कुठे ते न सांगता गेला. दाढी करून, चर्चचा शर्ट घालून. शुक्रवारी! डेलने नवीन लिलावाला बोलावलं असणार.

शनिवार, १८ नोव्हेंबर

त्याची स्वतःची पिकअप दारात नाही. चौदा वर्षांची, पांढरी, कधीही न बुडालेली – घरातली एकमेव प्रामाणिक गाडी. विचारलं तर म्हणाला, "दिली." दिली! विकली म्हणायलाही लाज वाटते. आता तेवढ्या पैशांत तीन बुडालेल्या येतील आणि आमच्या अंगणाचं बंदर होईल.

गॅरेजला आतून कडी. फटीतून दिसलं, आत काहीतरी झाकून ठेवलं आहे. बघायचीही इच्छा नाही.

रविवार, १९ नोव्हेंबर

ठरलं. उद्या मी जोसेटाकडे जाणार. गाडीचा नंबर, जुना शिक्का, डेल, सगळं सांगणार. रनेलला तिची गाडी काय आहे ते कळलंच पाहिजे. दंड होईल, कदाचित खटलाही. फर्डीचं नाव पेपरात येईल, यावेळी स्पेलिंग बरोबर.

चर्चमध्ये तो शेजारी गुडघ्यावर बसला होता, डोळे मिटून. मी मनात म्हटलं, बघा, याला देवाकडे जायला जमतं, जोसेटाकडे जायला जमत नाही! ती खिडकी तर चर्चपेक्षा जवळ आहे. याच्या पाठीत मणके दिलेत की वायरी, मेरीमातेलाच ठाऊक. मग सगळं मलाच करावं लागतं. दिवाबत्ती, कर, आईचं आजारपण, आता नवऱ्याचा गुन्हाही मीच कबूल करायचा.

याला सांगून जाणार नाही. रडेल, आणि मी विरघळेन.

सोमवार, २० नोव्हेंबर

नऊला खिडकीशी. जोसेटाने मला बघून चष्मा वर सरकवला.

"तूही आलीस? फर्डी शुक्रवारीच येऊन गेला."

तिने फॉर्म माझ्याकडे फिरवला. फर्डीची कारखान्यातली ठळक अक्षरं. गाडीचा नंबर. पाणी कुठवर होतं – सीटच्या वर. कागद कोणी फिरवला – आधी स्वतःचं नाव, मग डेलचं. करडी परत घेतली, त्याच वेळी आपली पांढरी पिकअप रनेलच्या नावावर केली. "मी म्हटलं, आधी वकिलाशी बोल," जोसेटा म्हणाली. "तर म्हणाला, आधी पेन दे."

शेवटचा रकाना – हे आणखी कोणाला माहीत होतं? त्यापुढे लिहिलं होतं: कोणालाही नाही. माझ्या बायकोला यातलं काहीही माहीत नव्हतं.

दोनदा वाचलं.

"बरं केलं त्याने," जोसेटा हळू आवाजात म्हणाली. "आता घरी जा, वेल्मा. मागे रांग आहे."

मी माझ्या नावाने आणखी एक फॉर्म मागितला.